मोहिमेचा कोट, सोलापूरचे ऊन

महोदय,

ध्रुवीय मोहिमांच्या धर्तीवरचा महागडा कोट घेताना लेबलाआधी कापड पाहावे. इंग्रज कापड-व्यावसायिक थॉमस बर्बेरी यांचे १८७९ चे गॅबर्डीन हे कापड दाट ट्विल (तिरप्या रेघांच्या) विणीचे. ते पाणी थोपवते, हवा जाऊ देते. ध्रुवीय संशोधक शॅकल्टन यांच्या चमूने अंटार्क्टिकात तेच वापरले. मेण चढवलेले सुती कापड (टेबलावरचे मेणकापड नव्हे!) मात्र वेगळे. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात त्याचे मेण मऊ होऊन शेजारच्या कपड्यांना लागते, म्हणून कोट सावलीत, सुटा टांगावा. वॉशिंग मशीन, साबण आणि इस्त्री वर्ज्य; थंड पाण्याच्या फडक्याने पुसावे. कोटावरचे मेण गेले की नव्या मेणाची डबी गरम पाण्यात धरून ते पातळ करावे, आधी शिवणींवर, मग बाकी कोटावर पातळ थर चोळावा आणि हेअर ड्रायरने जिरवावा. जाड थर चिकट राहतो, धूळ धरतो.

गणवेशांच्या या शहरात असे कोट शिवणाऱ्यांनी आधी मांजरपाटावर नमुना बेतावा, कारण मेण चढवलेल्या कापडात सुईचे छिद्र बुजत नाही. टाचण्यांऐवजी चिमटे, टाका ३ मि.मी.चा आणि जीन्ससारखी दुमडून दुहेरी शिवण. साध्या शिवणीतून पहिल्याच पावसात खांदे भिजतात.

– एक वाचक, सोलापूर