राहायचं न्यूजर्सीत, नोकरी न्यूयॉर्कला, मग टॅक्स कुणाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतले पगार, व्हिसा, लेऑफ यावर आपल्या पेपरात बरंच येतं, पण इथे राज्यांचा इन्कम टॅक्स वेगळा असतो आणि एका राज्यात राहून दुसऱ्यात नोकरी केली की किती गोंधळ होतो यावर कधी काही वाचलं नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही एडिसनला राहतो, माझं ऑफिस मॅनहॅटनला. तिथे कमावलेल्या पगारावर न्यूयॉर्क टॅक्स घेतं आणि न्यूजर्सीची रहिवासी म्हणून न्यूजर्सी माझ्या सगळ्या उत्पन्नावर हिशोब मागतं. दोनदा भरायला लागू नये म्हणून न्यूजर्सी क्रेडिट देते, म्हणजे तिकडे भरलेला टॅक्स इथल्या टॅक्समधून वजा करते, पण ते आपण मागावं लागतं. पहिल्या वर्षी ज्यांच्याकडून रिटर्न भरून घेतला त्यांनी न्यूजर्सीचा आधी केला, न्यूयॉर्कचा नंतर, त्यामुळे क्रेडिटच्या रकान्यात शून्य, आणि मला वाटलं इथे असंच असतं, भरून टाकले पैसे. पुढच्या वर्षी ऑफिसातल्या एका ताईंनी माझा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा कागद, बघितला, खाली राज्यांच्या दोन ओळी, दोन्हीकडे पगार जवळजवळ तेवढाच, आणि त्या म्हणाल्या अगं हे दोनदा भरलंस तू! मग सुधारित रिटर्न भरला, पैसे आले, पण कित्येक महिने जीवाला घोर.

तर आधी नोकरीच्या राज्याचा नॉनरेसिडेंट रिटर्न, न्यूयॉर्कसाठी आयटी-२०३, मग त्यातला आकडा घेऊन न्यूजर्सीचा एनजे-१०४०. न्यूयॉर्कचा टॅक्स जास्त बसला तर वरचा फरक न्यूजर्सी परत देत नाही, तेवढा सोसावा लागतो. पेनसिल्व्हेनियाचं सोपं आहे, न्यूजर्सीशी त्यांचा करार आहे, ऑफिसात फॉर्म दिला की पगारावर फक्त राहत्या राज्याचा टॅक्स, फिलाडेल्फियाचा शहराचा वेज टॅक्स मात्र सुटत नाही.

मला खरा राग आहे तो वर्क फ्रॉम होमच्या नियमाचा. आठवड्यातले तीन दिवस मी घरी बसून काम करते, पाऊल न्यूजर्सीबाहेर पडत नाही, तरी ते दिवस न्यूयॉर्क आपलेच धरतं, कारण घरून काम करणं ही माझी सोय, कंपनीची गरज नाही. ज्या राज्याचे रस्ते, शाळा आपण वापरतो त्याला त्या दिवसांचा टॅक्स मिळायला नको का? २०२३ मध्ये न्यूजर्सीनेही असा नियम असलेल्या राज्यांच्या लोकांसाठी जशास तसा कायदा केला, त्यात भरडला जातो तो नोकरदारच. २०१५ मध्ये मेरीलँडच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या राज्यात भरलेल्या टॅक्सचं पूर्ण क्रेडिट न देणं घटनाबाह्य ठरवलं होतं, मग या घरून केलेल्या दिवसांचाही कधीतरी नीट निकाल लागावा असं मनापासून वाटतं.

ज्यांची मुलं इकडे नवीन नोकरीला येतायत त्यांना एवढं जरूर सांगा, जॉइन होतानाच एचआरला विचारायचं की पगारातून कुठल्या राज्याचा टॅक्स कापणार. आणि आधीच दोनदा भरला असेल तर जुने रिटर्न काढून बघा, रिफंड मागायला न्यूजर्सीत साधारण तीन वर्षांची मुदत असते.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यूजर्सी