पीपीएमसोबत पद्धतही छापा

संपादक महोदय,

सल्फाइड (गंधकयुक्त) धातुकात लँथेनम, युरोपियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आढळल्याच्या बातम्यांत नुसता पीपीएमचा (दहा लाखांत किती भाग) आकडा असतो. नमुना कसा विरघळवला आणि तुलना कशाशी केली, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

समुद्रतळावरच्या ज्वालामुखी खडकांत तांबे-जस्ताचे असे साठे तयार होताना 250 ते 350 अंश सेल्सिअसचे पाणी आसपासचा खडक पार बदलून टाकते. फेल्डस्पार या खनिजाच्या जागी सेरिसाइट आणि क्लोराइट ही खनिजे येतात, सोडियम आणि स्ट्रॉन्शियम वाहून जातात. झिर्कोनियम, टायटॅनियम, ॲल्युमिनियम सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून हिशेब त्यांच्यावर बांधायचा.

समजा, मूळ रायोलाइटात (एक ज्वालामुखी खडक) झिर्कोनियम 200 आणि लँथेनम 40 पीपीएम होते. बदललेल्या नमुन्यात ते 250 आणि 30 आले. लँथेनम पाव भाग घटले असे वाटते, पण 30 ला 200/250 ने गुणल्यावर 24 येतात, म्हणजे 40 टक्के गेले. तेच आकडे 100 आणि 20 आले असते, तर काहीच गेलेले नाही. बाहेरून आलेल्या सिलिकाने सगळ्यांचेच प्रमाण निम्मे केले. मूळ खडक चुकीचा धरला तर मात्र सगळा हिशेब फसतो.

नमुना चार आम्लांत विरघळवला, तर झिर्कोनियमचे खनिज झिरकॉन पुरते विरघळत नाही, जड दुर्मीळ मृदा असलेले झेनोटाइमही मागे राहू शकते; झिर्कोनियम आणि जड दुर्मीळ मृदा दोन्ही कमी दिसतात. त्यासाठी लिथियम बोरेटबरोबर वितळवणे हवे. सल्फाइड जास्त असेल तर आधी भाजून घ्यावे, नाहीतर प्लॅटिनमची मूस खराब होते. सोडियम पेरॉक्साइड वापरून झिर्कोनियमच्या मुशीत वितळवले, तर झिर्कोनियमचा आकडा बाद धरावा.

सर्वांत जास्त फसवते ते युरोपियम. तापलेल्या, ऑक्सिजनविरहित पाण्यात ते द्विसंयुजी होऊन इतर दुर्मीळ मृदांपासून वेगळे वाहते, म्हणून धातुकाजवळची त्याची वाढ ही खरोखर मोलाची खूण आहे. पण याच साठ्यांत बेरियमचे खनिज बराइटही असते. आयनांचे वस्तुमान पाहून मूलद्रव्ये मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात बेरियम ऑक्साइडचे आयन 151 आणि 153 या वस्तुमानांवर येतात, आणि युरोपियमचे दोन्ही समस्थानिक नेमके तेच! शुद्ध बेरियमच्या द्रावणात यंत्र किती युरोपियम दाखवते ते मोजून प्रत्येक नमुन्यातून बेरियमच्या प्रमाणात वजा करायला हवे. अहवालात ही दुरुस्ती नसेल, तर बराइटच्या नमुन्यातली युरोपियमची वाढ बातमीत घेऊ नये, ही विनंती.

आपले,
भूरसायनशास्त्राचे अभ्यासक