टोकदार टोपीवाले अधिकारी नव्हेत, कैदी!

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (म्हणजे पोर्तुगीज काळात धर्मद्रोहाची शिक्षा देणाऱ्या चर्चच्या कोर्टाच्या) मिरवणुकीचं ते जुनं काळपट चित्र छापलंत, त्याबद्दल आभार, पण खाली लिहिलंय की उंच टोकदार टोपी घातलेले ते धर्माधिकारी, ते साफ चुकलंय आणि वाचून मला फार वाईट वाटलं. ते कैदी आहेत हो! कागदाची टोपी आणि अंगात झगा, ही शिक्षा होती, मान नव्हे.

झग्यावरच्या ज्वाळा नीट बघा. वर जाणाऱ्या असल्या तर त्या माणसाला जाळायला न्यायचे, आणि झग्यावर ज्वाळांच्या मधोमध त्याचाच चेहरा रंगवलेला असायचा. ज्वाळा उलट्या, खाली तोंड केलेल्या असल्या तर ऐनवेळी कबुली दिली म्हणून जीव वाचला. चित्रात एवढासा फरक, पण त्यात माणसाचं मरण ठरलेलं.

खरी सत्ता दिसते ती दुसरीकडेच. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर स्वतः इन्क्विझिशनच्या तुरुंगात होता आणि १२ जानेवारी १६७६ च्या मिरवणुकीत चालला, त्याने लिहून ठेवलंय की मिरवणुकीच्या मध्ये क्रूस होता, ज्यांना जीवदान मिळालं ते त्याच्या पुढे, क्रुसावरच्या ख्रिस्ताचं तोंड त्यांच्याकडे, आणि मरणाची शिक्षा झालेले मागे, त्यांच्याकडे पाठ. क्षमा करणाऱ्या देवाची पाठ कोणाकडे असावी हे कोर्टाने ठरवायचं, याहून मोठी सत्ता ती कुठली? मिरवणुकीच्या निशाणावर तर संत डॉमिनिकच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी, आणि खाली लॅटिनमध्ये न्याय आणि दया. मला ती फांदी तलवारीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

आणि हे कैदी कोण, तर बरेचसे बाप्तिस्मा घेतलेले आमच्याच गावचे लोक. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानात तर त्यांना दारात तुळस लावायलाही बंदी होती. म्हणून हा हिंदू-ख्रिश्चन वाद करू नये असं मला कळकळीने वाटतं, आज शेजारी राहणाऱ्यांच्याच पणजोबांचे ते हाल आहेत.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळ इन्क्विझिशनची जी इमारत होती, जिला लोक ‘ओर्लें घर’ म्हणजे मोठं घर म्हणायचे, तिचं आता काही उरलेलं नाही. पोरांना दाखवायला ही चित्रंच आहेत, तेव्हा येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि जमलं तर चित्र मोठं करून, म्हणजे ज्वाळा कुठल्या दिशेला आहेत ते दिसेल.

एक वाचक, फोंडा