त्यांना ‘अज्ञात’ म्हणू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. ‘ज्ञात-अज्ञात दिवंगत विद्यार्थ्यांना’ श्रद्धांजली वाहण्यासाठी सगळ्यांना उभे राहायला सांगितले. मीही उभा राहिलो, पण ‘अज्ञात’ हा शब्द मनाला लागला. तो अजून जात नाही, म्हणून हे पत्र.

बोर्डिंगात अज्ञात कोणीच नव्हता. संध्याकाळी पंगतीला बसण्याआधी हजेरी व्हायची. एखाद्या नावाला ‘हजर’ आले नाही, तर त्याच्या वाटणीच्या भाकरी झाकून ठेवायच्या आणि दोन मोठी मुले कंदील घेऊन त्याला शोधायला निघायची. कोणाच्या घरून किती ज्वारी आली, कोणाची यायची राहिली, हेही वहीत असे. बाकी राहिली म्हणून कोणाला पंगतीतून उठवल्याचे मी पाहिले नाही.

ही रीत कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. त्या मुलांतली किती मोठी झाली हे आपण भाषणांतून ऐकतो. पण मंगळसूत्र देताना त्या माउलीने पुढे कोण साहेब होणार, हे विचारले नव्हते. आमचे बोर्डिंग पुढच्या काळातले, तालुक्याच्या गावचे. पण वळण तेच.

आता स्मरणिकेविषयी. तिच्यात दिवंगतांसाठी चार पाने आहेत आणि त्यांवर दोन आमदार, एक पोलीस अधिकारी, काही प्राचार्य आणि एक कारखानदार आहेत. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण आमचा भोजन सेक्रेटरी त्यात नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही दहावीत होतो. कौले खाली येत होती, अंधारात कोणाला दार सापडत नव्हते. हा मुलगा बाहेर पडला होता, तो परत आत गेला. पाचवीच्या दोन पोरांना त्याने वळकटीसकट उचलून अंगणात आणून टाकले आणि आधी काय केले, तर कोठीतली हजेरीची वही आणली. थंडीत कुडकुडत आम्ही लिंबाखाली बसलो होतो. कंदिलाच्या उजेडात त्याने एकेक नाव वाचले. सगळे हजर निघाले, तेव्हा तो मटकन खाली बसला आणि रडला. पुढे तो एस.टी.त ड्रायव्हर झाला, तीस वर्षे गाडी चालवली, दोन्ही मुलींना शिकवले. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. त्याच्या शेवटच्या प्रवासाला आमच्यापैकी कोणालाही जाता आले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली, खाली हात जोडल्याची चित्रे आली आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दुसरा विषय सुरू झाला. ज्याने आम्हा सगळ्यांची नावे वाचली, त्याचे नाव आज अज्ञातांत जमा!

माझी विनंती राज्यातल्या सगळ्याच जुन्या बोर्डिंगांना आहे. शाळेचे जनरल रजिस्टर जपलेले असते, त्यात प्रत्येकाचे नाव आणि जन्मगाव सापडते. तुकडीवार नावे काढा. हयात असलेल्यांनी आपापल्या दिवंगत सोबत्यांचे अर्धे पान लिहावे: कुठून आला, बोर्डिंगात कोणते काम करायचा, पुढे काय केले, घरी कोण आहे. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, आत्ताच्या मुलांनी लिहून घ्यावे. शिक्षक, तलाठी, हमाल, गिरणी कामगार, कोरडवाहू शेतकरी, सगळे त्यात यावेत. शिक्षण अर्धवट सोडून गेलेलेही यावेत. ती नावे तर आमच्यासुद्धा तोंडी येत नाहीत. आणि हे लवकर व्हावे. आमच्या पिढीत सांगणारे दर वर्षी कमी होत आहेत.

१९६९ च्या अकरावीच्या तुकडीपुरते मी काम सुरू केले आहे. आम्ही ३८ जण होतो, त्यांतले १७ गेले. सोळा जणांचे लिहून झाले. सतराव्याची फक्त बातमी कानावर आली, तीही फार उशिरा. त्याचे गाव कोयनेच्या धरणात गेले होते आणि घरच्यांना दुसऱ्या जिल्ह्यात जमीन मिळाली होती. सुट्टीत सगळे घरी गेले तरी तो बोर्डिंगातच राहायचा. उंच, डावखुरा, पेटीच्या झाकणावर आतून बुडालेल्या गावाच्या देवळाचे चित्र काढलेले. आपल्या वाचकांपैकी कोणाला अशी पेटी घरात पाहिल्याचे आठवत असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावे. मी येऊन लिहून घेईन.

आपला,
बोर्डिंगचा एक माजी विद्यार्थी, जि. सातारा