भूकंपानंतर निरोप पोचायला हवा

महोदय,

26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात भुजची फोनव्यवस्था कोलमडली, तेव्हा हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौसेने स्वतःचा बिनतारी संच चालवणाऱ्यांनी, निरोप पोचवले. आज मोबाइल घरोघरी आहेत, पण हादऱ्यानंतर सगळे एकदम फोन लावतात आणि नेटवर्क तुंबते. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरीही काही तासांत उतरते. त्यामुळे एसएमएसच करावा. प्रत्येक घराने पुण्या-मुंबईचा एक नातेवाईक आधीच ठरवून त्यालाच खुशाली कळवावी.

आपल्या मंडळांनी चौकात फळा लावावा: टँकर, औषधे, बेपत्ता माणसे. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव हवेच. वेळ न लिहिलेली नोंद अफवेइतकीच घातक. निघून गेलेल्या टँकरसाठी म्हातारी माणसे उन्हात ताटकळतात. शिळ्या नोंदी पुसण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे.

काही रहिवासी, दांडिया बाजार, बडोदे