मोरपंखी आन मॉस एका चौकटीत?
संपादक साहेब, फुल येत नाही म्हणून तुमच्या विद्यार्थी पानावर सूचिपर्णी (पाइन-देवदाराच्या गटातलं) झाड आन स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारी शेवाळासारखी बुटकी वनस्पती) एकाच चौकटीत बसवलं, काही पटलं नाही बाप्पा. आमच्या अंगणातली मोरपंखी सूचिपर्णीच, बी धरते, खोडातून पाणी वर चढवते. स्फॅग्नमले तर मुळंच नाहीत! लिंबाची गुटी बांधताना वाळलेलं मॉस भिजवून पिळा, किती पाणी निघते, त्याच्यातल्या मेलेल्या पोकळ पेशी मॉसच्या कोरड्या वजनाच्या १५-२० पट पाणी धरतात आन थंड देशातल्या दलदलीत त्याचंच पीट, म्हणजे अर्धवट कुजलेला थर, साचते. मॉसच्या शुक्राणूले पोहायले पाणीच लागते, मोरपंखीचे परागकण वाऱ्यावर निघाले की झालं. पुढच्या वेळी चित्रं तरी वेगळी छापा.
- एक वाचक, जि. अमरावती