डेंग्यू लसीची चाचणी दोन वर्षांवर थांबू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन टाक्या आणि बॅरल तपासतात व अळ्या दिसल्या की पाणी ओतून टाकायला सांगतात. पण जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे साठवलेले पाणी ओतणे परवडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारला डेंग्यू साथरोग म्हणून अधिसूचित करावा लागला. त्यामुळे डेंग्यूवर लस हवी, याबद्दल दुमत नाही. ती कोणत्या कसोटीवर उतरून आपल्या मुलांपर्यंत यावी, याविषयी हे पत्र आहे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण होऊन गेली की त्याच्याविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. मात्र पुढे दुसऱ्या प्रकाराशी गाठ पडली तर जुनी प्रतिपिंडे त्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत, उलट पांढऱ्या पेशींत शिरायला त्याला वाट करून देतात. दुसऱ्या वेळचा डेंग्यू अनेकदा गंभीर होतो तो यामुळे. अपुरी लस, पूर्वी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलाच्या शरीरात, त्या पहिल्या लागणीची जागा घेऊ शकते.

ही भीती काल्पनिक नाही. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, पूर्वी लागण न झालेल्यांमध्ये लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. त्या लसीत पीतज्वराच्या लसीच्या विषाणूवर डेंग्यूची केवळ बाहेरची प्रथिने बसवलेली होती, त्यामुळे डेंग्यूच्या आतल्या प्रथिनांची ओळख शरीराला होतच नव्हती. नव्या रचनेत ही उणीव भरून काढली आहे. भारतात ऑगस्ट २०२४ पासून सुमारे १०,३०० प्रौढांवर जिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली, ती 'डेंगीऑल' लस डेंग्यूच्याच विषाणूंच्या जनुकातील छोटा तुकडा काढून, त्यांना दुबळे करून तयार केलेली आहे. ही रचना मला अधिक विश्वासार्ह वाटते.

तरीही रचना चांगली असणे आणि ती सुरक्षित ठरणे यांत अंतर आहे. डेंगव्हॅक्सियाच्या चाचणीत लहान मुलांमधील धोक्याची पहिली खूण तिसऱ्या वर्षी दिसली, आणि आपल्याकडील पाठपुरावा दोन वर्षांचा ठरला आहे. शिवाय २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १८ ते ४५ वयोगटातील ५६ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेला होता, तर ५ ते ८ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २८ टक्के होते. म्हणजे प्रौढांवरील निष्कर्ष लहानग्यांना सरसकट लावता येणार नाही. याच कुळातील लसीची ब्राझीलमधील चाचणी दोन वर्षांच्या मुलांपासून घेतली गेली आणि तिचा पाठपुरावा पाच वर्षांचा आहे. तिथे पहिल्या दोन वर्षांत तिसऱ्या व चौथ्या प्रकाराचे रुग्णच आढळले नाहीत, आपल्या देशात मात्र चारही प्रकार फिरतात. तेव्हा इथे मुदत कमी असण्याचे कारण मला दिसत नाही.

सीमाभागात हा पाठपुरावा आणखी अवघड आहे. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूर गाठतो. माझ्या ओळखीच्या चंदगडच्या एका मुलीला डेंग्यूसाठी बेळगावात दाखल केले होते; घरी पुन्हा त्रास झाला तेव्हा तिकडच्या डॉक्टरांच्या हाती एक विरत आलेला डिस्चार्जचा कागद होता आणि प्लेटलेटचे आकडे नेमके घडीवरचे पुसले गेले होते. उद्या लस घेतलेले मूल तीन वर्षांनी दुसऱ्या राज्यात तापाने दाखल झाले, तर ती नोंद चाचणीपर्यंत कशी पोहोचणार?

म्हणून लस मुलांना देण्यापूर्वी, पूर्वी लागण न झालेल्यांचा वेगळा गट करून त्यांचा किमान पाच वर्षे पाठपुरावा व्हावा, बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांनी एकमेकांकडील डेंग्यू रुग्णांच्या नोंदी पाहण्याची व्यवस्था त्याआधीच करावी आणि पालकांच्या सहीचे संमतिपत्र कन्नडबरोबर मराठीतही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव